नवव्या चिपची साक्ष

जुना पीसी नीट चालू झाला की एकदाच बीप देतो. दोनदा दिली तर कुठंतरी बिघाड आहे, आणि काहीच आवाज आला नाही तर गिऱ्हाइकासाठी चहा सांगून त्याला बसवून घ्यायची वेळ आली म्हणायची. सांगलीत गेली अडतीस वर्षं मी या एका बीपवर पोट भरतोय. आता दोन हजार सदतीस साल चालू आहे, लोकांच्या भिंतीसुद्धा त्यांच्याशी बोलतात, तरी माझ्या दुकानात अजून राखाडी रंगाचे अवजड डबे येतात. त्याला कारण म्हणजे ठसायंत्र.

हे यंत्र काय करतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. संगणकाची मेमरी ही तात्पुरती असते, वीज गेली की पुसली जाते, असं आम्हाला शिकवलं होतं. ते बव्हंशी खरंही आहे. पण मेमरीच्या चिपमध्ये लाखो बारीक कप्पे असतात, आणि एकाच कप्प्यात तीच वीज आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर कप्प्याच्या भिंतीतले कण हळूहळू एका बाजूला सरकतात. सांगलीच्या बोअरचं पाणी वर्षभर भरलेल्या हंड्याला आतून क्षार धरतो ना, तसंच. पाणी ओतून टाकलं तरी कुठवर होतं ते दिसतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं हा ठसा वाचायची युक्ती काढली. चिप गार करायची, वीज अगदी केसाकेसानं चढवायची आणि प्रत्येक कप्पा किती कुरकुरतो ते मोजायचं. अट एकच. हे एकदाच करता येतं. वाचता वाचता ठसा जातो. आणि झटक्यात पूर्ण वीज दिली, तर वाचायच्या आधीच जातो.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी त्रिशला मगदूम माझ्याकडे आल्या. पासष्टीच्या, सडपातळ, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. रिक्षावाल्याकडून त्यांनी एक डबा आत आणवला आणि स्वतःच्या हातातली पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली मेमरी वाढवायची दोन कार्डं होती, तळहाताएवढ्या रुंदीची, काळ्या चिपांच्या ओळी भरलेली.

"आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, ही काढून वेगळी ठेवली होती," त्या म्हणाल्या. "परत बसवून वाचता येतात असं ऐकलं."

"येतात की. काय होतं यात?"

"माझ्या भावाचं पत्र."

मग त्यांनी सगळं सांगितलं. वर्गात सिद्धता मांडावी तसं, एकामागून एक. त्यांचा थोरला भाऊ भूपाल गावभागात घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास चालवायचा. एक्क्याण्णव सालची गोष्ट. त्रिशलाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या, रोज पहाटे क्लास सुरू व्हायच्या आधी टायपिंगचा सराव करायच्या. क्लासमधल्या एका मुलीशी भूपालनं लग्न ठरवलं होतं. मुलगी जैन नव्हती. हे फक्त बहिणीला माहीत होतं. एका संध्याकाळी आप्पांनी तिला समोर उभं करून विचारलं, आणि तिला खोटं बोलता आलं नाही. त्या संध्याकाळी आप्पांनी भूपालला चार माणसांत मारलं आणि या घरात तुला जागा नाही म्हणून सांगितलं.

"पहाटे मला किल्ल्यांचा आवाज ऐकू येत होता," त्या म्हणाल्या. "तो टाइप करत होता. मी रोज सगळ्यात आधी त्या खोलीत जाते हे त्याला ठाऊक होतं. पत्र पडद्यावरच ठेवून गेला. आणि नेमकी त्या दिवशी मी गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार? पांघरूण घेऊन पडून राहिले. तोवर आप्पा उठले आणि खोलीला कुलूप घातलं."

मशीन आत चालूच राहिलं. भूपालनं लोडशेडिंगसाठी ट्रकच्या बॅटऱ्या जोडून ठेवल्या होत्या. दाराच्या वरच्या झरोक्यातून छतावर पडलेला हिरवा उजेड बाईंना दिसायचा. अक्षरं दिसायची नाहीत. किल्ली मागायचं धाडस झालं नाही. सत्तेचाळीसाव्या दिवशी निपाणीच्या अलीकडे ट्रकखाली सापडून भूपाल गेल्याची बातमी आली. आप्पांनी त्याच दिवशी कुलूप काढलं, आत गेले आणि वायर उपटली. वाचलं नाही. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती.

"काय पाहिजे तुम्हाला त्या पत्रातून?" मी विचारलं. असं विचारायचं नसतं, पण माझी जीभ फटकळ आहे.

"त्यानं मला दोषी धरलं होतं का, एवढंच," त्या म्हणाल्या. "शेहेचाळीस वर्षं मी धरून चाललेय की होय. एकदा त्याच्याकडून कळू दे."

कार्डं परत बसवणं हे दिसतं तितकं सोपं काम नाही. प्रत्येक कार्डावर आठ इवलीशी बटणं असतात. आपली मेमरी कुठल्या पत्त्यापासून सुरू होते ते कार्ड त्यांवरून मशीनला सांगतं. दोन कार्डांची अदलाबदल झाली तर पत्राची वाक्यं उलटसुलट. मी भिंग घेऊन बसलो. एका कार्डाच्या पट्टीवर गंजाचा डाग होता, आणि तसाच डाग डब्याच्या तिसऱ्या खाचेपाशी होता. दुसऱ्याच्या स्क्रूला हिरवा रंग लागलेला, तो चौथ्या खाचेला. भूपालचं काम नेटकं होतं. बटणांवर त्यानं सुईनं खुणा केल्या होत्या. कार्डांच्या सोनेरी कडा मी खोडरबरानं हलक्या हातानं पुसल्या आणि कार्डं अंगठ्यानं सरळ दाबून बसवली. झाकण लावलं. काम मनासारखं झालं होतं.

आणि माझा हात आपोआप बाजूच्या लाल बटणाकडे गेला.

बीप ऐकल्याशिवाय मशीन हातावेगळं करायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. अडतीस वर्षं मी तो पाळला. पडद्यावर मेमरी मोजणारे आकडे धावले, सहाशे चाळीसवर थांबले आणि एक खणखणीत बीप आली. मला आनंद झाला, हे सगळ्यात वाईट. दोन-तीन सेकंद मी चक्क खुशीत होतो. मग माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते.

ठसायंत्र जोडलं तेव्हा प्रत्येक ओळीतल्या आठ चिपा कोऱ्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. कारणं दिली नाहीत, द्यायला काही नव्हतंच.

"कशासाठी चालू केलंत?"

"सवयीनं. बीप ऐकायची म्हणून."

"माझा एक विद्यार्थी असाच होता," त्या म्हणाल्या. "उत्तर बरोबर आलं तरी खोडून परत सोडवायचा." आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पासष्टीच्या बाईंना रडवलं होतं, आणि पुढ्यात पाण्याचा ग्लास ठेवण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं.

सगळं गेलं नव्हतं, हे मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं. जुन्या मेमरीत चिपांच्या ओळी आठाआठांच्या नसून नवानवांच्या असतात. प्रत्येक अक्षर म्हणजे आठ दिवे समजा, काही पेटलेले, काही विझलेले. आठ चिपा मिळून ते अक्षर सांभाळतात. नववी अक्षर ओळखत नाही. पेटलेले दिवे सम आहेत की विषम, एवढंच ती लिहून ठेवते, म्हणजे एखादा दिवा बिघडला तर मशीनला कळावं. भूपालला कार्डं घेताना या नवव्या चिपा मिळाल्या नसाव्यात. त्यानं कुठल्यातरी जुन्या मशीनमधल्या, वेगळ्या कंपनीच्या, मंद चिपा काढून लावल्या होत्या. त्यांच्यातला ठसा इतका खोल बसला होता की माझ्या बीपनंही तो गेला नाही. पत्रातल्या प्रत्येक अक्षरामागे एक साक्ष शिल्लक होती. सम की विषम.

"यावरून पत्र वाचता येत नाही," मी बाईंना समजावलं. "पण तुम्ही एखादं वाक्य सुचवलंत तर ते या साक्षीशी जुळतं का ते बघता येतं. खरं वाक्य जुळणारच. खोटंही कधीमधी जुळेल, हे मात्र ध्यानात ठेवा."

"गणित कळलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे पत्र मीच लिहायचं. त्याच्यासारखं."

मी आधी लबाडी करून बघितली. सगळी साक्ष आजकालच्या लिहित्या यंत्राला दिली आणि मराठीत पत्र बनव म्हटलं. तासाभरात त्यानं अकरा हजार पत्रं दिली, सगळी जुळणारी. एकात भूपाल बहिणीकडे आंब्याची पेटी मागत होता, दुसऱ्यात तिला मटणाच्या जेवणाचं आमंत्रण करत होता. जैनांच्या घरात मटण. मी ते बंद करून टाकलं. ओळखीचं माणूस असल्याशिवाय हे होणारं नव्हतं.

बाई रोज सकाळी दहाला यायला लागल्या. शेहेचाळीस वर्षांत त्यांनी कीबोर्डाला हात लावला नव्हता. शाळेत संगणक आले तेव्हा त्यांनी ते काम दुसऱ्या शिक्षकांवर सोपवलं होतं. पहिल्या दिवशी एकेक अक्षर शोधत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या खाली न बघता टाइप करू लागल्या.

त्या काळी मशीनवर मराठी नव्हतं. भाऊबहीण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, आणि त्याचे नियम दोघांनी मिळून केले होते. ळ म्हणजे मोठा एल. क्ष म्हणजे एक्स. शब्दाच्या सुरुवातीचा आ असेल तर दोनदा ए, मधल्या आला मात्र एकच.

"हा मधल्या आचा नियम माझा," बाई म्हणाल्या. "कार्डं यायच्या आधी मेमरी कमी पडायची, सारखी ओरड असायची. मी म्हटलं, दादा, मी वाचवते तुझी मेमरी. किती हसला होता. पण पाळायचा."

पत्राची सुरुवात सापडेना. मग त्यांना आठवलं, भूपाल काहीही लिहायला घेतलं की वर आधी क्लासचं नाव आणि पत्ता घालायचा, वाण्याच्या यादीवरसुद्धा. भूपाल कॉम्प्युटर क्लासेस, गावभाग, सांगली. ते आम्ही साक्षीवरून सरकवत नेलं आणि एका ठिकाणी सगळ्या अक्षरांखालच्या खुणा हिरव्या झाल्या, म्हणजे जुळल्या. बाईंनी पडद्याला हात लावला.

तिथून पुढे एकेक शब्द. चुकला की खुणा लाल व्हायच्या. 'प्रिय' जुळलं नाही. 'तिशे' जुळलं, भाऊ त्यांना तशीच हाक मारायचा. मग दीड दिवस काहीच नाही. मग 'मी निघालोय'. 'आप्पांना सांगू नकोस मी रडलो ते' या वाक्याला चार दिवस लागले, कारण भूपाल रडला असेल हे बाईंच्या मनात येईना. 'फ्लॉप्या कपाटात आहेत' एका फटक्यात जुळलं. 'दर पंधरा दिवसांनी बॅटरीत पाणी घाल' जुळलं तेव्हा त्या खळखळून हसल्या. "असाच होता. घर सोडून चालला आणि बॅटरीची काळजी." मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. आपल्या हातून झालेलं थोडं तरी भरून निघतंय असं मला वाटायला लागलं होतं.

अकराव्या दिवशी 'माझा तुझ्यावर राग' इथवर सगळं हिरवं झालं.

बाईंनी हात मांडीवर घेतले. मी उगाच स्क्रू-ड्रायव्हर जागेवर ठेवत राहिलो. मग त्यांनी चार अक्षरं टाइप केली. आहे. ए, ए, एच, ई.

चारही हिरवी.

"जुळलं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "बरोबर आहे. असायलाच पाहिजे होता." पुढचं बघूया का, असं मी विचारलं, तर नको म्हणाल्या. चष्मा डब्यात ठेवला, पिशवी उचलली आणि गेल्या. मी दारापर्यंत गेलो.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. मी दुपारी तोच पडदा उघडून बसलो. मला ते वाक्य सोसत नव्हतं, दुसरं काही कारण नाही. 'आहे' खोडलं आणि त्या जागी 'नाही' टाइप केलं. एन, ए, एच, आय.

चारही हिरवी.

मी कागदावर मांडून बघितलं. ए या अक्षराचे तीन दिवे पेटतात आणि एनचे पाच. दोन्ही विषम. मधली ए आणि एच दोन्हीकडे सारखीच. शेवटच्या ईचे चार आणि आयचेही चार. दोन्ही सम. नवव्या चिपच्या लेखी 'आहे' आणि 'नाही' हा एकच शब्द होता. ज्या चार दिव्यांत फरक होता त्यांतली एक चिप जरी शाबूत असती तरी निकाल लागला असता. ती माझ्या बीपमध्ये गेली.

सांगावं की नाही यावर मी दोन दिवस काढले. न सांगावं तर त्या उरलेलं आयुष्य भावाचा राग घेऊन काढणार, आणि तो कदाचित नव्हताच. सांगावं तर त्यांच्या हाती काय देतोय मी? शेवटी विश्रामबागेत त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला बसवलं, मी कागद पुढं केला. गणिताच्या बाईंना समजायला अर्धं मिनिट लागलं.

"मधल्या आला दोन ए लिहिले असते तर," त्या सावकाश म्हणाल्या, "नाहीची पाच अक्षरं झाली असती. मग चार आणि पाचात फरक कळला असता."

"होय."

"नियम माझा होता."

"बीप माझी होती, बाई."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "तुम्ही आला नसता तर बरं झालं असतं, पोतदार. आहे म्हणून मी जगायला शिकले होते. आता नाही असेल, तर मी ही वर्षं कशासाठी अशी काढली?" त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच मला जड जात होतं.

थोड्या वेळानं त्या उठल्या आणि चपला घातल्या. "चला. पुढचं वाचू. पुढच्या वाक्यावरून कळेल."

पुढचा पहिला शब्द 'पण' निघाला. त्यानंतरचं वाक्य बाईंना संध्याकाळी पाचला सापडलं. 'सकाळचा सराव सोडू नकोस'. त्याखाली 'भूपा', आणि तिथं पत्र संपत होतं. दोन्ही शब्दांमागे ते सारखंच चपखल बसत होतं.

बाई आपल्या बोटांकडे बघत होत्या. सराव त्याच दिवशी सुटला होता.

"मोठ्यानं वाचा," त्या म्हणाल्या. "मी ऐकते. आधी नाही म्हणून वाचा."

मी वाचलं. मला वाचायची सवय नाही, अडखळत वाचलं. तिशे, मी निघालोय. आप्पांना सांगू नकोस मी रडलो ते. फ्लॉप्या कपाटात आहेत. दर पंधरा दिवसांनी बॅटरीत पाणी घाल. माझा तुझ्यावर राग नाही. पण सकाळचा सराव सोडू नकोस. भूपा.

"आता दुसरं."

मी तेच पत्र पुन्हा वाचलं. माझा तुझ्यावर राग आहे. पण सकाळचा सराव सोडू नकोस.

बाईंनी डोळे मिटून घेतले होते. "हा भूपादादा," त्या म्हणाल्या. "राग नाही असं परक्या माणसाला लिहितात. माझ्यावर तो रागावला असता तर रागावलो म्हणूनच सांगितलं असतं. आणि वर कामही सांगितलं असतं."

"म्हणजे आहे?"

"आहे."

मी काहीतरी बरं बोलायचं म्हणून विचारलं, "किती दिवस टिकायचा त्यांचा राग?"

"दोन दिवस. फार तर चार. मग कपात चहा ओतून आणायचा आणि न बोलता माझ्या पुढ्यात ठेवायचा." त्यांनी पदरानं चष्मा पुसला, पण डोळ्याला लावला नाही. "पण एवढ्या मोठ्या गोष्टीवर तो आधी कधी रागावलाच नव्हता. सत्तेचाळीस दिवसांत उतरला असेल का हो, पोतदार?"

मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं.